ग्रंथसंग्रहांचे आपत्तिनियोजन : मुंबईच्या अनुभवावरून काही विचार

१९१७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर लंडनमधील अभ्यास अपुरा ठेवून मुंबईस परतले, तेव्हा त्यांचे ग्रंथ त्यांच्यामागोमाग येऊ शकले नाहीत. ग्रंथांचे सामान निराळ्या जहाजाने रवाना झाले होते आणि ते जहाज महायुद्धाच्या धुमश्चक्रीत पाणबुडीच्या माऱ्याने बुडाले. सामानाबद्दल टॉमस कुक कंपनीकडून ६०० रुपयांची भरपाई मिळाली व बडोद्यास नोकरीवर रुजू होण्याच्या खर्चास ती उपयोगी पडली. ग्रंथ गेले ते गेलेच.

ग्रंथालयशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत आपत्तिनियोजनाची जी चौकट आज सर्वमान्य झाली आहे, तिच्यात प्रतिबंध, सिद्धता, तात्काळ कृती आणि पुनःस्थापना असे चार टप्पे मानले जातात. वरील प्रसंग या चौकटीत बसवून पाहिला तर मोठा चमत्कारिक निष्कर्ष हाती येतो. धोका संभवतो हे आधी ओळखले गेले होते, हानीची तरतूद झाली होती, भरपाई मिळाली. म्हणजे हिशेब मिटला. परंतु त्यानंतर परळच्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत राहून, मिळकतीतील मोठा वाटा ग्रंथखरेदीत घालून डॉ. आंबेडकरांनी जो संग्रह पुन्हा उभा केला आणि तो ठेवता यावा म्हणून दादरच्या हिंदू कॉलनीत ‘राजगृह’ बांधले, त्या सुमारे दीड तपाच्या खटाटोपाला या चौकटीत जागाच नाही. खरी पुनःस्थापना ती होती. ग्रंथाची किंमत आणि संग्रहाचे मूल्य या दोन गोष्टी भिन्न आहेत, एवढे जरी या उदाहरणावरून ध्यानात आले, तरी प्रचलित आपत्तिविचाराकडे चिकित्सक दृष्टीने पाहण्यास पुरेसे कारण मिळते.

हा प्रचलित विचार मुख्यतः एका पुराचे अपत्य आहे. ४ नोव्हेंबर १९६६ रोजी आर्नो नदीचे पाणी फ्लॉरेन्स शहरात घुसले आणि तेथील राष्ट्रीय ग्रंथालयातील दहा लाखांहून अधिक ग्रंथ व कागद चिखलात बुडाले. देशोदेशींचे ग्रंथबांधणीतज्ज्ञ तेथे जमले. त्यांतील पीटर वॉटर्स यांनी पुढे अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेससाठी १९७५ साली भिजलेल्या ग्रंथांच्या बचावाची एक पुस्तिका लिहिली. आजच्या बहुतेक मार्गदर्शिका, त्या भारतात निघालेल्या असोत वा अन्यत्र, या पुस्तिकेच्या वंशातल्या आहेत. तिचे गुण निर्विवाद आहेत. भिजलेला ग्रंथ उघडू नये; तुळतुळीत लेप दिलेल्या कागदाची पाने ओली असतानाच वेगळी न केल्यास ती वाळताना एकमेकांस कायमची चिकटतात; अठ्ठेचाळीस ते बाहत्तर तासांच्या आत बुरशी धरू लागते; तेवढ्या अवधीत वाळविणे शक्य नसेल तर ग्रंथ गोठवून ठेवावे, म्हणजे पुढचा निर्णय सावकाश घेता येतो; हे सारे नियम कागदाच्या आणि पाण्याच्या स्वभावातून निघालेले आहेत व म्हणून मुंबईतही खरे आहेत. वॉटर्स यांचे आणखी एक निरीक्षण येथे मुद्दाम नमूद करावेसे आहे. १८४० पूर्वीचे ग्रंथ पूर्ण भिजले असता स्वतःच्या वजनाच्या सरासरी ८० टक्क्यांपर्यंत पाणी शोषतात, नंतरचे सुमारे ६० टक्क्यांपर्यंत. गिरगावातील एखाद्या जुन्या इमारतीत, लाकडी तुळयांवर टेकलेल्या जमिनीवर ग्रंथांनी खच्चून भरलेली कपाटे उभी असतील, तर छत गळून ती भिजल्यावर त्या तुळयांवर किती भार येईल, याचे गणित कोणासही करता येण्यासारखे आहे. ग्रंथ फुगले की कपाटाच्या बाजूही फाकतात. ग्रंथालयाची आपत्ती येथे खालच्या बिऱ्हाडाची आपत्ती होऊ शकते.

तथापि नियम खरे असले तरी त्यांच्यामागची गृहीते सर्वत्र खरी असतात असे नाही.

पहिले गृहीत असे की आपत्ती ही आकस्मिक घटना होय. फ्लॉरेन्सला ते लागू पडते. परळला पडत नाही. मुंबई ही सात बेटे जोडून व त्यांमधील खाड्या भरून झालेली नगरी आहे. परळ आणि दादर यांच्यामधला हिंदमाता परिसर बशीसारखा खोलगट असून तेथे पाणी साचणे हा पावसाळ्याचा वार्षिक क्रम आहे. शहराची जुनी पर्जन्यजलवाहिनी ताशी २५ मिलिमीटर पाऊस वाहून नेण्याच्या हिशेबाने, आणि तोही ओहोटीच्या वेळी, बांधलेली होती. १९९३ च्या ‘ब्रिमस्टोवॅड’ अहवालाने ही क्षमता दुप्पट करण्याची शिफारस केली, उदंचन केंद्रे झाली, अलीकडे हिंदमातेजवळ पाणी साठविण्यासाठी भूमिगत टाक्याही बांधण्यात आल्या. पण साडेचार मीटरांच्या वरची भरती आणि मुसळधार पाऊस एकाच प्रहरी आले म्हणजे पाण्याला समुद्राची वाट मिळत नाही, ही वस्तुस्थिती कोणत्याही योजनेने पूर्णतः बदललेली नाही. २९ ऑगस्ट २०१७ रोजी परळच्या के.ई.एम. रुग्णालयाच्या तळमजल्यावरील विभागांतही पाणी शिरले होते. जेथे रुग्णशय्या सुरक्षित नाही तेथे ग्रंथांच्या कपाटाचा सर्वांत खालचा खण सुरक्षित राहील, असे समजण्यास आधार नाही. अशा ठिकाणी ‘अनपेक्षित आपत्ती’ हा शब्दप्रयोगच दिशाभूल करणारा ठरतो. भरती-ओहोटीचे कोष्टक वर्षभर आधी छापून येते. कोळ्यांच्या घरात ते असते. ग्रंथपालाच्या टेबलावर ते क्वचितच दिसेल.

उलटपक्षी, ज्या दिवसाला मुंबई आजही ‘तो पाऊस’ म्हणून ओळखते, त्या २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली, तर कुलाब्यास अवघी ७३ मिलिमीटर. एकाच महानगरात, एकाच दिवशी, एका टोकाला प्रलय आणि दुसऱ्या टोकाला पावसाळ्यातला सामान्य दिवस! या आकड्यांचा हवामानशास्त्रीय अर्थ बराच चर्चिला गेला. ग्रंथालयीन अर्थ मात्र कोणी काढलेला दिसत नाही. तो असा की दक्षिण मुंबईतील कोरड्या ग्रंथालयांचे मनुष्यबळ, कोरडा कागद आणि कोऱ्या जागा त्या दिवशी उपनगरांच्या उपयोगी पडू शकल्या असत्या. आणि पाऊस जेव्हा दक्षिणेकडे कोसळेल तेव्हा याच्या उलट घडू शकेल. मात्र त्यासाठी संस्थांमध्ये आधी करार व्हावा लागतो. प्रत्येक ग्रंथालयाने स्वतःपुरता आपत्ती-आराखडा करावा, ही मार्गदर्शिकांची शिकवण एका भल्या मोठ्या, स्वयंपूर्ण संस्थेचे चित्र डोळ्यांसमोर ठेवून दिलेली आहे. दोन वेतनावरचे सेवक आणि एक मानद चिटणीस एवढ्यावर चालणाऱ्या वाचनालयास स्वतंत्र आराखडा म्हणजे भिंतीवर लावण्याचा आणखी एक कागद.

दुसरे गृहीत हवेविषयीचे आहे व ते अधिक घातक आहे. थोडे ग्रंथ भिजले असता ते हवेवर वाळवावेत, असे सर्व पुस्तिका सांगतात. हवेने कागदातील पाणी उचलायचे तर हवेत पाणी घेण्याची जागा शिल्लक असावी लागते. जुलै-ऑगस्टमध्ये मुंबईच्या हवेतील सापेक्ष आर्द्रता दिवसेंदिवस ८० टक्क्यांच्या वर राहते. अशा वेळी खिडक्या उघडून, पंखे लावून ग्रंथ पसरून ठेवणे म्हणजे बुरशीला आमंत्रण देणे होय. आणि आपल्याकडे नेमके हेच केले जाते. उन्हाची तिरीप आली की ग्रंथ गच्चीवर नेले जातात, मग पुठ्ठे वाकतात, पाने लहरींसारखी उचलतात व संध्याकाळच्या दमट हवेत तीच पाने पुन्हा ओलावतात. खोली बंद करून, आर्द्रता शोषणारे यंत्र लावून, आतल्या आत हवा खेळती ठेवणे हा मुंबईच्या पावसाळ्यातला एकमेव शास्त्रीय मार्ग. परंतु परदेशी पुस्तिकेत तो तळटीपेसारखा येतो, कारण तेथील लेखकाला तो नित्याचा प्रश्न नाही.

याच संदर्भात लेनिनग्राडचे उदाहरण वारंवार दिले जाते. फेब्रुवारी १९८८ मध्ये तेथील विज्ञान अकादमीच्या ग्रंथालयाला आग लागून सुमारे चार लाख ग्रंथ नष्ट झाले व त्याच्या कितीतरी पट अग्निशमनाच्या पाण्याने भिजले. नागरिकांनी ओले ग्रंथ घरोघर नेऊन दोऱ्यांवर वाळविले आणि परत आणून दिले. ही हकिगत हृद्य आहे, आणि गिरगाव-लालबागच्या चाळी, त्यांची मंडळे, एका हाकेला धावून येणारी तरुण मंडळी ज्यांना ठाऊक आहेत त्यांना ती आपलीशी वाटणारच. परंतु लेनिनग्राडमध्ये तेव्हा हिवाळा होता. तेथील घरे कृत्रिम उष्णतेने तापविलेली व आतून अत्यंत कोरडी होती. चाळीच्या गॅलरीत जुलै महिन्यात दोरीवर घातलेले धोतर दोन दिवस वाळत नाही. तेथे शिवणीपर्यंत भिजलेला पाचशे पानांचा ग्रंथ काय वाळणार? याचा अर्थ लोकसाहाय्य निरुपयोगी आहे असा नव्हे. त्याचा उपयोग वाळविण्यासाठी नसून वाहून नेण्यासाठी आहे. सार्वजनिक गणेशोत्सव मंडळांची तयारी ऐन पावसाळ्यात चाललेली असते. ताडपत्री, दोर, बांबू, टेम्पो आणि रात्री-अपरात्री हजर होणारे कार्यकर्ते ही सामग्री त्यांच्यापाशी असते. पाणी चढू लागल्यापासूनच्या पहिल्या सहा तासांत ग्रंथालयास जे लागते ते हेच. ग्रंथालयशास्त्राच्या परिभाषेत या मंडळांना अद्याप नाव मिळालेले नाही, एवढीच उणीव!

गोठविण्याच्या बाबतीतही अंधानुकरण व स्थानिक बुद्धी यांतला फरक पाहण्यासारखा आहे. फ्लॉरेन्समध्ये ग्रंथ गोठविले गेलेच नाहीत. आसपासच्या प्रदेशात तंबाखू वाळविण्याच्या भट्ट्या होत्या, त्यांत ते वाळविण्यात आले. जे हाताशी होते ते वापरले गेले, आणि ते पुरेसे निर्दोष नव्हते म्हणून पुढे गोठविण्याचे तंत्र विकसित झाले. मुंबईत हाताशी काय आहे? मासळीचा व्यापार आहे. निर्यातीची मासळी उणे अठरा अंश व त्याहून खाली गोठविणारी शीतगृहे या शहरात व त्याच्या परिसरात आहेत. नुसत्या बर्फाच्या कारखान्याचा येथे उपयोग नाही, कारण तो लाद्या पाडतो, कोरडी शीत हवा देत नाही. खाद्यपदार्थांच्या शेजारी चिखलाने माखलेले ग्रंथ ठेवण्यास शीतगृहचालक राजी होणार नाही हेही उघड आहे. त्यासाठी बंद खोकी, स्वतंत्र कक्ष, भाड्याचा दर या गोष्टी मे महिन्यात लिहून घ्याव्या लागतील. जुलैत, गुडघाभर पाण्यात उभे राहून, त्या ठरत नसतात.

आगीचा विचार निराळा करण्याची प्रथा आहे. पण ती फारशी तर्कशुद्ध नाही. २१ जून २०१२ रोजी मंत्रालयाला आग लागून वरचे मजले भस्मसात झाले, पाच माणसे मृत्युमुखी पडली आणि शासकीय कागदपत्रांची मोठी हानी झाली. अशा प्रत्येक आगीत जळालेल्या कागदाच्या खाली, शेजारी व खालच्या मजल्यांवर भिजलेल्या कागदाचा त्याहून मोठा थर असतो. म्हणजे आगीनंतरही ग्रंथपालाचे काम पाण्याशीच असते. त्या आगीनंतर कागदाऐवजी संगणकावर भिस्त ठेवण्याचा आग्रह वाढला, तो योग्यच होता. परंतु प्रतिमाग्रहणाने आपत्ती टळते ही समजूत ऑक्टोबर २०२३ मध्ये लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीवर झालेल्या संगणकीय हल्ल्याने खोटी पाडली. ग्रंथ कपाटांत सुखरूप होते, तरी सूचीच बंद पडल्यामुळे ते कित्येक महिने मागविता येईनात. आपल्याकडील प्रकार त्याहून साधा असतो. ज्या कपाटात दुर्मिळ ग्रंथ, त्याच कपाटात त्याच्या प्रतिमांची तबकडी.

आता महाराष्ट्रातील अनुभवाकडे वळता येईल. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटून पुण्याच्या नदीकाठच्या पेठांत जो हाहाकार झाला, त्यात घरोघरची दप्तरे, छापखाने, खाजगी संग्रह यांची काय गत झाली याचे पद्धतशीर मोजमाप झालेले नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेच्या महापुराने सांगलीच्या जिल्हा नगर वाचनालयास ग्रासले. परंतु आपत्तिविचाराच्या दृष्टीने सर्वांत बोधप्रद उदाहरण चिपळूणच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिराचे आहे. १८६४ साली स्थापन झालेल्या या संस्थेत जुलै २००५ मध्ये पुराचे पाणी शिरले. संस्था त्यातून उभी राहिली; इतकी की जानेवारी २०१३ मध्ये तिने शहाऐंशीव्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे यजमानपद सांभाळले. आणि २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी पुन्हा आत आले. सोळा वर्षांच्या अंतराने तीच वास्तू, तोच महिना. या संस्थेच्या कार्यकर्त्यांच्या चिकाटीविषयी आदरच वाटला पाहिजे. प्रश्न त्यांना विचारावयाचा नसून ‘पुनःस्थापना’ या संकल्पनेला विचारावयाचा आहे. आपत्तीनंतर ग्रंथालय पूर्वस्थितीत आणणे हे जर ध्येय असेल, तर पूर्वस्थिती म्हणजे पुढच्या पुराच्या वाटेत पुन्हा तेथेच जाऊन बसणे, असाही तिचा अर्थ होतो.

ग्रंथालये पुन्हा भरतात कशी, हेही पाहावे. पुराची वार्ता प्रसिद्ध झाली की महाराष्ट्रभरातून ग्रंथभेटी येतात. या औदार्याला नावे ठेवण्याचे कारण नाही. परंतु भेट येणारे ग्रंथ हे लोकांच्या घरी सहज सापडणारे, म्हणजे बहुधा गेल्या तीस-चाळीस वर्षांतले, अनेक आवृत्त्या निघालेले असतात. गेलेले ग्रंथ मात्र कोणाच्याच घरी नसलेले असतात. पाच हजार गेले, पाच हजार आले. संख्या भरून निघाली, संग्रह भरून निघाला नाही. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ साली झाला आणि त्याने गावोगावच्या वाचनालयांना जीवदान दिले, हे निःसंशय. परंतु त्याखालील मान्यतेच्या व अनुदानाच्या व्यवस्थेने ग्रंथालयाचा वर्ग ठरविताना ग्रंथसंख्या आणि वाचकसंख्या यांना जे महत्त्व दिले, त्यामुळे संख्या हीच ग्रंथालयाची ओळख होऊन बसली. संख्येच्या भाषेत बोलणाऱ्या व्यवस्थेला एका दुर्मिळ ग्रंथाचा नाश आणि एका लोकप्रिय कादंबरीच्या सातव्या प्रतीचा नाश सारखाच दिसतो. २००५ च्या डिसेंबरात आपत्ती व्यवस्थापन कायदा झाला. त्याखाली स्थापन झालेल्या राष्ट्रीय प्राधिकरणाने २०१७ मध्ये संग्रहालयांसाठी व वारसास्थळांसाठी मार्गदर्शिकाही काढल्या. सार्वजनिक वाचनालय हा या दोहोंच्या फटीत राहून गेलेला विषय आहे.

यावरून मूळ प्रश्नाशी येता येते. पाणी चढू लागले आहे, सहा तास आहेत, दहा माणसे आहेत. प्रथम काय उचलावयाचे? मार्गदर्शिका सांगतात की बचावाची अग्रक्रमसूची आधीच करून ठेवावी. पण ती कोणत्या निकषावर? बाजारभावावर केल्यास परदेशी संदर्भग्रंथ आणि चामडी बांधणीचे कोश वर येतील. प्राचीनतेवर केल्यास हस्तलिखिते व दोलामुद्रिते. दुसरा निकष पहिल्याहून पुष्कळच बरा आहे. मराठीत १८६७ पर्यंतच्या मुद्रित ग्रंथांना दोलामुद्रिते म्हणण्याचा प्रघात आहे. त्या साली ग्रंथनोंदणीचा कायदा झाला व तत्पूर्वीच्या ग्रंथांना शासनदरबारी प्रत ठेवली जाण्याचे संरक्षण नव्हते. गणपत कृष्णाजींच्या छापखान्यातून निघालेल्या एखाद्या पुस्तकाची प्रत दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात असेल, तर तिच्या जोडीला जगात आणखी किती प्रती असतील हे बोटांवर मोजावे लागेल. या संस्थेचा जन्म १८९८ सालचा, म्हणजे मुंबई प्लेगने ग्रासलेली असतानाचा; तिने स्थापिलेल्या मराठी संशोधन मंडळात अ. का. प्रियोळकरांनी मुद्रणेतिहासाचे जे काम केले ते अशा एकुलत्या एक प्रतींवर उभे आहे. त्यांना अग्रक्रम मिळालाच पाहिजे, याविषयी दुमत संभवत नाही.

तथापि येथेही एक विपरीत गोष्ट लक्षात घ्यावी लागते. जुन्या हातकागदाचे तंतू लांब व बळकट असतात. पाण्यातून निघाल्यावर तो सावरण्याची शक्यता अधिक असते. काजळीची शाई उजेडाने विटत नाही, मात्र तिला धरून ठेवणारा डिंक विरघळला तर अक्षरे पसरतात. मोडी दप्तरे रुमालात बांधून ठेवण्याची आपली जुनी रीत तर बचावाच्या दृष्टीने अत्यंत सोयीची आहे. एक रुमाल म्हणजे एका माणसाने एका खेपेत उचलण्याजोगे ओझे, क्रमांकासह बांधलेले. (रुमालाचे कापड रंग सोडणारे असेल तर मात्र हीच सोय अंगाशी येते.) याच्या उलट विसाव्या शतकातील लाकडी लगद्याचा स्वस्त कागद. तो मुळातच आम्लधर्मी, ठिसूळ, काही दशकांत पिवळा पडून तुटणारा. पाण्यात त्याचा लगदा होण्यास वेळ लागत नाही. म्हणजे वयाने जो लहान तो नाशाच्या अधिक जवळ.

आणि परळ-लालबागचा वाङ्मयीन इतिहास नेमका याच कागदावर छापलेला आहे. ‘मूकनायक’ १९२० साली परळहून निघाला. १९४४ मध्ये स्थापन झालेल्या लाल बावटा कलापथकाचे पोवाडे आणि लोकनाट्ये, अण्णाभाऊ साठे, अमर शेख, द. ना. गवाणकर यांची गाणी, पुस्तिकांच्या रूपाने मैदानांत आणि गिरण्यांच्या दारांत पोहोचली. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातील पत्रके, १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपातील हस्तपत्रिका, कामगार मंडळांच्या स्मरणिका, हस्तलिखित वार्षिके. या साऱ्यांना ग्रंथ हे नावही पुष्कळदा मिळत नाही. शंकर गणेश दाते यांनी १९४३ व १९६१ साली दोन खंडांत सिद्ध केलेली ‘मराठी ग्रंथसूची’ हे मराठीचे अनमोल धन आहे आणि आपत्तीच्या दृष्टीनेही तिचे मोल मोठे आहे, कारण काय नष्ट झाले हे कळण्यासाठी काय होते हे कोठेतरी लिहिलेले असावे लागते. परंतु १९५० पर्यंतच्या ग्रंथांची ती सूची आहे. पत्रके आणि चोपड्या तिच्या मर्यादेबाहेरच्या. अशा वस्तू ज्या वाचनालयांत शिल्लक आहेत, तेथे त्या बांधणी नसल्यामुळे उभ्या राहत नाहीत, म्हणून आडव्या ठेवल्या जातात. आडव्या ठेवायच्या म्हणून खालच्या खणात. आणि पाणी प्रथम तेथे येते.

‘मूकनायक’ व ‘बहिष्कृत भारत’ यांचे उपलब्ध अंक १९९० साली शासनाने एकत्र पुनर्मुद्रित केले, तेव्हा हे साहित्य एका कपाटाच्या भवितव्यापासून मुक्त झाले. १९७९ पासून निघू लागलेल्या आणि प्रारंभीची अनेक वर्षे वसंत मून यांनी संपादिलेल्या डॉ. आंबेडकरांच्या लेखन-भाषणांच्या खंडांतील अप्रकाशित लेखनाची स्थिती मात्र वेगळी होती. प्रकरणे अपुरी, पाने सुटी, क्रम अनिश्चित. संपादकांना ठिकठिकाणी तशा टिपा द्याव्या लागल्या. पूर नव्हता, आग नव्हती. मालकी आणि ताबा यांविषयीच्या प्रदीर्घ अनिश्चिततेने जे केले ते पाण्यानेही एवढ्या सहज केले नसते. आपत्तीच्या याद्यांत हा प्रकार सापडत नाही. तसेच स्थलांतराचेही. गिरगाव व लालबागच्या जुन्या इमारती पुनर्विकासासाठी रिकाम्या होत आहेत. त्यांतील वाचनालये तात्पुरत्या जागेत, गोणपाटात बांधून, कोणाच्या तरी तळघरात वा गोदामात जातात. १९१७ चा प्रसंगही अखेर ग्रंथ वाटेवर असतानाचाच होता.

तेव्हा अग्रक्रमसूची हे ग्रंथपालाचे कारकुनी काम नसून तो वाङ्मयीन निर्णय आहे. कोणती प्रत एकमेव आहे, कोणत्या चोपडीवाचून कामगार रंगभूमीचा इतिहास लिहिता येणार नाही, कोणते नियतकालिक अन्यत्र पूर्ण उपलब्ध आहे, हे ग्रंथपालाने एकट्याने सांगावे अशी अपेक्षा करणे अन्यायाचे होईल. ते सांगणे मराठीच्या अभ्यासकांचे काम आहे. पदव्युत्तर वर्गांत दरवर्षी प्रबंधिका लिहिल्या जातात; परळ, लालबाग, दादर, गिरगाव येथील एकेका संग्रहाची अशी परीक्षा हा त्यांचा विषय क्वचितच होतो. एका विद्यार्थ्याने एका उन्हाळ्यात एका वाचनालयातील सर्वांत खालचे दोन खण तपासून, तेथील वस्तूंपैकी कोणत्या मुंबईतील इतर मोठ्या संग्रहांत नाहीत एवढे जरी नोंदविले, तरी जूनपूर्वी त्या वरच्या खणात हलविता येतील. पुढची आर्द्रतायंत्रे, शीतगृहे, संस्थांमधील करार या गोष्टी पैशाच्या व वेळेच्या आहेत, ही नाही.

अशा सूचीत पहिला क्रमांक बहुधा कोणत्याच ग्रंथाला द्यावा लागणार नाही. तो दाखल-नोंदवहीला द्यावा लागेल, कारण ती गेली की काय गेले हे सांगणारा कागदच उरत नाही. तिची दुसरी प्रत फार थोड्या ठिकाणी असते, आणि मूळ प्रत सहसा ग्रंथपालाच्या टेबलाच्या तळच्या खणात.